टीव्हीचा पॉवर बोर्ड टिकटिक करतोय: आयसी बदलण्याआधी हे तपासा

टीव्ही लागत नाही, फ्यूज शाबूत, लाल दिवा लुकलुकतोय आणि बोर्डातून टिकटिक येतेय, अशी लक्षणे असतील तर आयसी (सप्लाय चालवणारी कंट्रोल चिप) विकत घ्यायची घाई करू नका. फ्यूज उडालेला नाही म्हणजे ब्रिज (एसीचे डीसी करणारे डायोड) आणि मॉसफेट (स्विचिंग करणारा ट्रान्झिस्टर) बहुधा शॉर्ट नाहीत. सप्लाय चालू होतो, तग धरत नाही आणि पुन्हा प्रयत्न करतो. ती टिकटिक त्याचीच.

आधी जिवाची काळजी. २३० व्होल्ट एसीचे रेक्टिफिकेशन झाले, म्हणजे डीसी बनले, की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने त्याच्या दोन पायांवर पाच-सहा सेकंद धरा आणि मीटरने खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ट्रॅक उडतो.

आता आयसीशेजारचा छोटा कपॅसिटर शोधा, साधारण २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. आयसीला चालू ठेवणारा व्होल्टेज तो सांभाळतो. उष्णतेने आतून सुकतो, पण फुगत नाही, म्हणून नजरेतून सुटतो. मीटरवर कपॅसिटन्स ठीक दिसली तरी ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, वाढलेला असू शकतो. किंमत किरकोळ आहे, सरळ बदला. १०५ अंश सेल्सिअस रेटिंगचाच घ्या. व्होल्टेज तेवढा किंवा एक पायरी वरचा चालेल, कमी नको. पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) जपा. आउटपुटचे वरून फुगलेले कपॅसिटर त्याच वेळी बदला, मात्र तिथे लो-ईएसआर प्रकारच हवा.

जुने सोल्डर लेड-फ्री असेल तर आधी थोडे ६०/४० (कथील-शिशाचे) सोल्डर त्यावर वितळवा, मग विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) ओढा. एकाच जागी जास्त वेळ आयर्न टेकवलात तर पॅड उखडतो.

आउटपुटचा शॉट्की डायोड (कमी व्होल्टेज ड्रॉपचा डायोड) मीटरच्या डायोड मोडवर पाहा: एका दिशेने ०.१५ ते ०.३ व्होल्ट, उलट दिशेने ओएल, म्हणजे सर्किट ओपन. दोन्हीकडे शून्याजवळ आले तर एक पाय उचलून पुन्हा मोजा.

पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटचा फिलामेंट बल्ब मेन सप्लायच्या तारेत सिरीजमध्ये लावा. एलईडी बल्ब चालत नाही. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर प्रायमरीत (मेनकडच्या बाजूला) बहुधा शॉर्ट आहे. आउटपुट मोजताना काळा प्रोब आउटपुटच्याच ग्राउंडवर हवा. मोठ्या कपॅसिटरच्या निगेटिव्हवर ठेवलात तर रीडिंग निरर्थक येईल.

तरीही टिकटिक राहिली तर प्लग काढून मेनबोर्ड आणि बॅकलाइटचे कनेक्टर सोडवा, मग पुन्हा सप्लाय द्या. आउटपुटचे १२ व्होल्ट स्थिर झाले तर दोष बहुधा पॉवर बोर्डात नाही. एकेक कनेक्टर परत जोडून कोणता सप्लाय खाली ओढतोय ते पाहा.