कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस नव्हे

प्रश्न असा आला आहे: 'मीनाने पत्र लिहिलं' हे मराठीच्या तासाला कर्मणी, आणि त्याचंच इंग्रजी 'मीना रोट अ लेटर' हे ॲक्टिव्ह. मग भाषांतर करताना प्रयोग बदलतो का? आणि 'हॅज बीन रायटिंग'चं पॅसिव्ह होत नाही असं सांगतात, ते का?

आधी पहिलं. मराठीतला प्रयोग क्रियापद कोणाच्या मागे जातं ते सांगतो. मीनाने पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली, अहवाल लिहिला. क्रियापद कर्माच्या तालावर नाचतं, म्हणून कर्मणी. पण इथे बोलणाऱ्याला निवड नाही. भूतकाळ आणि सकर्मक क्रियापद म्हटलं की बहुधा हीच रचना येते ('ती मराठी शिकली', 'तो पाणी प्यायला' असे मोजके अपवाद सोडून). या रचनेचं मूळ संस्कृतातल्या 'मया पत्रं लिखितम्'मध्ये आहे, म्हणजे जन्माने ती पॅसिव्हच. पण आज मीना वाक्यात ठळकपणे पुढे उभी आहे. आपले व्याकरणकार म्हणूनच हिला 'प्रधानकर्तृक कर्मणी' म्हणतात. इंग्रजी पॅसिव्हशी खरं नातं 'पत्र लिहिलं गेलं' या रचनेचं, जिला 'नवीन कर्मणी' असं नाव आहे. तेव्हा भाषांतरात काही बिघडत नाही, दोन्ही व्याकरणांचे प्रश्नच वेगळे आहेत.

आता काळांचं. शाळेत आठ काळांचा तक्ता पाठ करून घेतात. त्याची गरज नाही, एक युक्ती पुरते. मूळ क्रियापद ज्या रूपात आहे त्याच रूपात त्याच्या जागी 'बी' बसवा आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप लावा. 'राइट्स'च्या जागी 'इज', पुढे 'रिटन'. 'रोट'च्या जागी 'वॉज रिटन'. 'इज रायटिंग'मध्ये 'आयएनजी' आहे, तर 'बी'लाही तेच लागेल: 'इज बीइंग रिटन'. 'हॅज रिटन'चं 'हॅज बीन रिटन', 'विल राइट'चं 'विल बी रिटन', 'मस्ट राइट'चं 'मस्ट बी रिटन'. काळ सगळा 'बी'वर जातो, 'रिटन' जागचं हलत नाही. फक्त नवा कर्ता अनेकवचनी असेल तर 'इज'चं 'आर' करायला विसरू नये. मुलांचे मार्क बहुतेक तिथेच जातात.

ही युक्ती 'हॅज बीन रायटिंग'ला लावली तर येतं 'हॅज बीन बीइंग रिटन'. नियमाने ते बरोबरच आहे. पण 'बीन'ला खेटून 'बीइंग' कानाला सोसत नाही, म्हणून लोक ते टाळतात आणि पुस्तकं 'होत नाही' म्हणून मोकळी होतात. 'विल बी बीइंग रिटन'चीही तीच कथा.

गंमत म्हणजे आज आपण बिनदिक्कत पाठ करतो ते 'इज बीइंग बिल्ट'सुद्धा एके काळी असंच खटकत होतं. अठराव्या शतकात घर बांधलं जात असेल तर 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणायची रीत होती. घरच बांधतंय, असं. 'इज बीइंग' रुळू लागलं ते त्या शतकाच्या अखेरीस, आणि पुढे एकोणिसाव्या शतकातही काही व्याकरणकार त्याला बेढब म्हणून नाकं मुरडत होते. तेव्हा 'बीन बीइंग'ला कायमचं बाद ठरवायची घाई मी तरी करणार नाही. परीक्षेत मात्र लिहू नका.

एक शेवटचं. इंग्रजीत पॅसिव्हला कर्म लागतं, म्हणून 'ही लाफ्ड'चं पॅसिव्ह नाही. मराठीला ही अट नाही. गंभीर सभेत 'माझ्याकडून हसलं गेलं' असं आपण सहज म्हणतो, आणि त्यात हसणाऱ्याचा नाइलाजही येतो. इंग्रजीत यासाठी व्हॉइस बदलून भागत नाही, 'आय कुडन्ट हेल्प लाफिंग' असा वळसा घ्यावा लागतो.