नियम पाठ आहेत, तरी ओटीपी सांगतात: विशेष गरजा असलेल्या मुलांना ऑनलाइन सुरक्षा कशी शिकवावी?

तुम्ही विचारलंय की सहावी ते आठवीची ही मुलं "ओटीपी सांगायचा नाही, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही" असं घडाघडा म्हणतात, पण फोन हातात आला की नेमकं तेच करतात, मग शिकवायचं कसं? यात मुलांचा दोष नाही. नियम तोंडपाठ झालेत, पण ते हाताच्या सवयीत उतरलेले नाहीत.

आधी "अनोळखी" ही कल्पना बाजूला ठेवा. रोज गेममध्ये गप्पा मारणारा चार दिवसांत मुलाला मित्रच वाटू लागतो. डोळ्यांनी तपासता येईल अशी कसोटी द्या: आई-बाबा किंवा बाई याला समोरासमोर भेटल्या आहेत का? नसतील तर तो "फक्त फोनवरचा". मुलाच्या घरच्यांचे खरे फोटो घेऊन तीन रकाने करा: घरचे, भेटलेले, फक्त फोनवरचे. मावशीचा फोटो लावून नव्या नंबरवरून आलेला मेसेज तिसऱ्याच रकान्यात जातो, हे मुद्दाम करून घ्या. इथे बहुतेक मुलं चुकतात.

कृती मात्र एकच ठेवा. थांब, फोन पालथा ठेव, मोठ्यांना दाखव. ओटीपीचे आकडे आले, लिंक आली, कुणी फोटो मागितला, भीती वाटली, सगळ्याला हीच कृती. प्रत्येक धोक्याला वेगळा नियम दिला की ऐन वेळी एकही आठवत नाही.

सरावाला चॅटसारखी दिसणारी दहा कार्डं छापा, सहा साधी आणि चार धोक्याची. सगळीच धोक्याची ठेवलीत तर मूल न वाचता "धोका" म्हणतं, उत्तर बरोबर येतं आणि शिकणं शून्य. तीन-चार मुलांचा गट, 20 मिनिटं, आठवड्यातून दोनदा. आधी तुम्ही करून दाखवा, मग मुलाकडून करून घ्या. चुकलं तर लगेच त्याच पायरीवरून पुन्हा. मदत हळूहळू काढा: आधी हात धरून, मग बोटाने खूण, मग 5 सेकंद नुसतं थांबायचं.

कार्डावर जमलं म्हणजे फोनवर जमेलच असं नाही. पालकांची लेखी परवानगी घेऊन, मुलाला माहीत नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या नंबरवरून "तुझी शाळा कुठली?" एवढाच मेसेज पाठवा. फोटो मागणं किंवा घाबरवणं अजिबात नको, आणि चाचणी झाली की मुलाला सांगून टाका. वेगवेगळ्या शब्दांत लागोपाठ 3 वेळा मदतीशिवाय जमलं तर पुढे जा. महिन्याने पुन्हा बघा आणि घरच्या फोनवरही बघा.

स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल अनेकदा नियम शब्दशः घेतं. "नाव कुणालाच सांगू नकोस" म्हटलंत तर हरवल्यावर ते कदाचित पोलिसांनाही सांगणार नाही, म्हणून "फोनवर" हा शब्द नियमात हवाच. वाचनाची अडचण असलेल्यांना कार्डांऐवजी व्हॉइस मेसेज ऐकवा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घरी. मुलाने फोन दाखवला, त्याला ओरडा बसला किंवा फोन काढून घेतला, की पुढच्या वेळी ते लपवतं. पालकसभेत सगळ्यांकडून एकच वाक्य म्हणवून घ्या: "दाखवलंस, छान केलंस." बाकीचं नंतर, आणि मुलासमोर नको. त्याच सभेत हेही सांगा की यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, त्यामुळे "पैसे मिळवण्यासाठी पिन टाक" असा मेसेज आला की ती फसवणूकच. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ग्रुप्स "माय कॉन्टॅक्ट्स"वर करून घ्या.

पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. मूल संकटात असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. लैंगिक स्वरूपाचा मेसेज किंवा फोटो आढळला तर तो पुरावा म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर मुळीच फिरवू नका. फोन आहे तसा ठेवा आणि पोलिसांना कळवा. पॉक्सो कायदा 2012 (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) याच्या कलम 19 नुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे "आधी संस्थेला विचारू" म्हणून थांबू नका.