एकाच वस्तूच्या दोन आवृत्त्यांमधला किमतीचा फरक अन्यायाचा वाटला, तर ग्राहक खरेदी टाळतो का?

हो, बऱ्याचदा टाळतो. फरक किती रुपयांचा आहे यापेक्षा तो कशाचा आहे, हे त्याला जास्त खुपतं.

१२८ जीबीऐवजी २५६ जीबीचा फोन घेताना आपण कुरकुरत का होईना, जादा पैसे देतो. आत खरंच जास्त मेमरी असते. पण सोय दोन्हींत बसवलेली आहे आणि स्वस्त वस्तूत ती मुद्दाम बंद ठेवलीय, असं कळलं की डोकं सणकतं. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी मासिक शुल्क ठेवलं. हीटर गाडीत आधीच होता, पैसे फक्त तो चालू करण्याचे! गाडी माझी, मग हीटर कुणाचा? लोक इतके भडकले की २०२३ मध्ये कंपनीने माघार घेतली.

गेर्शॉफ, किवेट्झ आणि कीनन यांनी २०१२ च्या शोधनिबंधात नेमकं हेच तपासलं. चांगल्या वस्तूतलं काही काढून किंवा बिघडवून स्वस्त आवृत्ती केलीय हे समजलं, की लोकांना ते अनैतिक वाटतं आणि त्या ब्रँडची वस्तू घेण्याची इच्छाच कमी होते. दोन्ही आवृत्त्या जितक्या सारख्या, तितका राग मोठा.

हिशेबाने पाहिलं तर कमी पैशांत कामापुरती वस्तू मिळतेय, म्हणजे ग्राहकाचा तोटा नाही. तरीही मला हा राग रास्त वाटतो. सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीवर मात्र कुणी फारसं चिडत नाही, कारण तिथे ही पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे.