रंगाचं विचारा

प्रश्न : दुकानातली पांढरी लोकर (लेबलवर 'मशीनमध्ये धुतली तरी आटत नाही' असं होतं) आणि रायबागकडच्या मेंढपाळाकडून घेतलेली, हाताने कातलेली पांढरी लोकर, दोन्ही एकाच पातेल्यात एकाच मरून अॅसिड रंगात घातल्या. दुकानातली गर्द झाली, पण डागाडागांची. गावठी फिकी राहिली, मध्येच पांढरे केस दिसतात. रंगाची पुडी खराब होती का?
– एक वाचक, निपाणी

ताई, पुडीला बोल लावू नका. पातेल्यात पडण्याआधीच त्या दोन लोकरींचं नशीब वेगळं झालं होतं.

लोकरीच्या तंतूवर खवले असतात आणि त्यांच्यावर चरबीचा पातळ थर. पाणी आत शिरायला तोच आडवा येतो. न आटणारी लोकर करताना कारखान्यात बहुधा क्लोरीनने हा थर काढतात, खवल्यांच्या कडा बोथट करतात, वर राळेचा लेप देतात. खवले एकमेकांत अडकले नाहीत की लोकर आटत नाही. पण आडोसा गेल्यामुळे ती रंगही अधाशासारखा पिते, आणि जो भाग आधी भिजला तो जास्त पितो. तुमचे डाग त्याचे.

दोन्ही लोकरींवर पाण्याचा एकेक थेंब ठेवून बघा. एकीत लगेच जिरेल, दुसरीवर मोत्यासारखा बसेल.

गावठीचं दुखणं निराळं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड. तिच्यात जाड, आतून पोकळ केस असतात; पोकळीत प्रकाश विखुरतो, म्हणून रंग चढला तरी ते फिकेच दिसतात. त्याला इलाज नाही, मला तर ते छानच वाटतं. मात्र मेंढीच्या अंगचा तेलकट चिकटा राहिला असेल तर तो काढायलाच हवा. रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता भिजवा.

आमची शहापूरची विणकर माणसं इथेच फसतात. आयुष्य सुतात गेलेलं, त्यामुळे हात आपोआप सोड्याकडे जातो. सुताला सोडा चालतो, लोकरीला नाही. लोकर म्हणजे केसांसारखंच केराटिन. ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात ती काही मिनिटांत विरघळते, सूत तसंच राहतं. ब्लीचिंगचं पाणीही नको. लोकर पिवळी पडते, मग विरते.

पुढच्या वेळी दोन्ही लोकरी वेगळ्या रंगवा. लोकर आधी पूर्ण भिजलेली हवी. दुकानातलीला सुरुवातीला व्हिनेगर घालूच नका. अॅसिड रंग लोकरीला धरतो तो आम्लामुळे, म्हणून आम्ल जितकं उशिरा तितका रंग सावकाश आणि सारखा बसतो. कोमट पाण्यापासून सुरू करून पाऊण तासात उकळीजवळ आणा, व्हिनेगर मधून मधून थोडं थोडं टाका, तेही लडी बाहेर काढून. गावठीला व्हिनेगर आधीपासून चालेल, उकळीजवळ जास्त वेळ ठेवा. उकळीत ढवळत मात्र बसू नका, नाहीतर लोकर एकमेकांत अडकून तिचा नमदा होईल.

प्रश्न : आजोबांचं काळं घोंगडं आहे. ते लाल रंगवता येईल का?
– एक वाचक, अथणी

नाही. तो काळा मेंढीचाच, तंतूच्या आतला. वरून लाल दिला तर उन्हात थोडी तांबूस झाक दिसेल, बाकी काळं ते काळंच. आधी काळा उडवायची रीत आहे: हिराकशीतलं (फेरस सल्फेटमधलं) लोखंड त्या काळ्या रंगाला धरतं, मग हायड्रोजन पेरॉक्साइड तिथेच जोरात काम करतं. पण लोखंड नीट धुतलं गेलं नाही तर लोकरच कुजकी होते. आजोबांच्या घोंगड्यावर हा प्रयोग कशाला? लालच हवा तर काठाला लाल लोकरीचा टाका घाला.

आणि धुणार असाल तर गार पाण्यात धुवा. चिंचोक्याची खळ असेल तर ती सुटून पाणी बुळबुळीत होईल, तो रंग गेला असं समजून घाबरू नका.