भरतीची जाहिरात लिहिण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

वाळूजच्या कारखान्यात दिव्यांग उमेदवारांच्या भरतीचे काम तुझ्याकडे आल्याचे वाचून समाधान वाटले. कायद्यातले काय वाचावे, असे तू विचारले आहेस. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम वाचच. त्यातले 4 टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांसाठी असले, तरी समान संधी धोरण खासगी कारखान्यालाही जाहीर करावे लागते, आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी योग्य पदे कोणती, निवड कशी होणार व संपर्क अधिकारी कोण, हेही त्यात नमूद करावे लागते. पदांच्या याच यादीत माझ्या हातून जी चूक झाली, ती तुझ्या हातून होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कर्णबधिरांसाठी पॅकिंगचे काम योग्य, असे मी परस्पर ठरवून टाकले होते. त्यामुळे गंगापूर तालुक्यातून आलेल्या, आयटीआयमधून फिटर झालेल्या एका मुलाला मी खोकी बांधायला बसवले. फोर्कलिफ्टचा भोंगा त्याला ऐकू येणार नाही, ही माझी भीती खोटी नव्हती. पण फोर्कलिफ्टवर लुकलुकणारा दिवा, आगीच्या भोंग्याला तसाच दिवा आणि पायी चालण्याची वाट पिवळ्या पट्ट्यांनी वेगळी आखणे, एवढ्याने तिच्यावर तोडगा निघाला असता. मी त्याला काही विचारलेच नाही. तीन महिन्यांत तो सोडून गेला आणि ‘ही मुले टिकत नाहीत’ असे सुपरवायझर म्हणू लागले. त्या मुलाचा यात काहीच दोष नव्हता, हे मला फार उशिरा उमगले.

म्हणून जाहिरातीतल्या प्रत्येक अटीपाशी थांब. ‘दुचाकी आवश्यक’ ही अट जुन्या मजकुरातून तशीच उतरवली जाते आणि दिवसभर टेबलावर बसून करायच्या कामापासूनही पायाने अधू असलेल्या माणसाला दूर ठेवते.

मराठी कागदपत्रांत एक वेगळीच अडचण दडलेली असते. अनेक कार्यालयांत परिपत्रके अजून जुन्या, युनिकोड (म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकली जातात. डोळ्यांना ती नीट मराठी दिसतात, पण अंध कर्मचाऱ्याच्या संगणकावरील स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, तीच अक्षरे निरर्थक वाचतो, आणि स्कॅन केलेल्या कागदात तर त्याला वाचण्यासारखे काही सापडतच नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, मराठीही वाचतो; तेव्हा खर्चाची सबब कोणी पुढे केली तर ती मान्य करू नकोस. रजेचे अर्ज, पगारपत्रके आणि सुरक्षेच्या सूचना आधी युनिकोडमध्ये आण.

रुजू झाल्यानंतरची सोयही आधीच पाहून ठेव. शिफ्टच्या बसची पायरी किती उंच आहे, स्वच्छतागृहाच्या दारातून चाकाची खुर्ची आत जाते का, हे स्वतः जाऊन मोज. कोणाचे दिव्यांगत्व काय आहे, हे त्याच्या संमतीवाचून सहकाऱ्यांना सांगू नकोस.

पुढच्या आठवड्यात मुलाखती आहेत, तर प्रत्येक उमेदवाराला आजच संदेश पाठवून काय सोय लागेल ते विचार. सांकेतिक भाषेचा दुभाषी येणार असेल तर त्याला तुझ्या शेजारी, उमेदवाराच्या समोर बसव, आणि प्रश्न मात्र उमेदवाराकडे पाहूनच विचार.

तुझा,
काका