स्पोर्ट घ्यावी की ॲड्रेनलिन?

प्रश्न : आम्ही दोघे सडबरीला (ऑन्टॅरिओ, कॅनडा) राहतो. पहिलीच नवी स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी मोटारगाडी) घेतोय. स्की-डू कंपनीच्या रेनेगेड मॉडेलची 'स्पोर्ट' की 'ॲड्रेनलिन'? दुकानदार महागडीच गळ्यात मारू पाहतोय.

उत्तर : ताई, स्पोर्ट घ्या. मीही ऑन्टॅरिओतच चालवतो, म्हणून ठामपणे सांगतो. स्पोर्टचं ६०० ईएफआय इंजिन साधारण ८५ अश्वशक्तीचं, ॲड्रेनलिनचं ६००आर ई-टेक सुमारे १२५ चं. पण इथल्या ट्रेलवर (स्नोमोबाइलसाठी आखलेल्या वाटांवर) कायद्यानेच ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आहे! मग ती जादा ताकद वापरणार कुठे? गाडीखाली फिरणारा पट्टा दोन्हींचा १३७ इंची, म्हणजे त्या बाबतीत खाचखळग्यांवरून जाण्यात मोठा फरक नाही. ॲड्रेनलिनचे शॉक (धक्के शोषणारे दांडे) मात्र खरोखर सरस. उखडलेल्या ट्रेलवर दिवसभर चालवणार असाल, तर कंबर त्यांचे आभार मानेल. तसं असेल तरच पैसे वाढवा.

नाहीतर वाचलेल्या पैशांतून विजेवर गरम होणाऱ्या काचेचं हेल्मेट घ्या, दोघांनाही. उणे पंचवीसमध्ये साध्या काचेवर श्वासाचा बर्फ धरतो आणि समोरचं वळण दिसेनासं होतं. मला त्याची फार काळजी वाटते. ट्रेलचा परवानाही याच हिशेबात धरा. आणि दुकानात दोन्हींवर जाड बूट घालून बसून बघा.