कोरडा मॉप

प्रिय डॉक्टरीणबाई,

परवा जुन्या व्रणातून पोट उघडलं, आतडं थेट भिंतीला चिकटलेलं दिसलं आणि तू पुटपुटलीस, "पहिल्या वेळी कोणी केलं होतं हे?" मीही असंच विचारायचो. मग एकदा लालबागचा एक गिरणी कामगार आला. पोट तट्ट फुगलेलं, हिरव्या उलट्या. जुने कागद काढले तर अपेंडिक्सच्या ऑपरेशनखाली सही माझीच. आत सुतळीएवढा एक पट्टा आणि त्याखाली अडकून काळंनिळं पडलेलं आतड्याचं वेटोळं.

पोट उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशननंतर बहुतेकांच्या आत थोडीफार ॲडहेशन्स, म्हणजे आतले भाग एकमेकांना चिकटवणारे पट्टे, होतातच. होणारच नाहीत, असा शब्द पेशंटला कधी देऊ नकोस. दुर्बिणीतून केलं तर कमी होतात, एवढं सांग.

पेरिटोनियम, म्हणजे पोटातलं पातळ अस्तर, खरचटलं की काही तासांतच त्यावर फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांचा, चिकट थर साचतो. ओले पापड एकमेकांवर पडावेत तशी आतडी चिकटतात, पण तेव्हा ती सहज सुटतात. धडधाकट पेरिटोनियम हा थर आपला आपणच विरघळवतं. रक्तपुरवठा तुटला असेल किंवा पू झाला असेल, तर मात्र ती ताकद कमी पडते. मग आठवड्याभरात उरलेल्या फायब्रिनमध्ये पेशी शिरतात, मागून रक्तवाहिन्या येतात आणि पट्टा पक्का होत जातो.

म्हणून मी कोरड्या मॉपवर, म्हणजे पोटात वापरायच्या त्या कापडी घडीवर, एवढा ओरडतो. कोरड्या गॉझने आतडं पुसणं म्हणजे खरवडणंच, वर त्याचे धागे आत राहतात ते वेगळेच. बाहेर काढलेलं आतडं कोमट सलाईनच्या ओल्या मॉपखाली ठेव. त्यावर ताज्या पापलेटासारखी लकाकी हवी (तू शाकाहारी आहेस, तरी समजून घे). लकाकी गेली की हात थांबव आणि आधी ते भिजव.

दुसरी खोड टाक्यांची. उघडी जागा दिसली की ओढून शिवून टाकायची आपल्याला फार हौस. खरं तर पेरिटोनियम कातडीसारखं फक्त कडेकडेने भरत नाही, सगळ्या पृष्ठभागावर एकदमच नवं अस्तर धरतं. म्हणून मोठी जखमही लहान जखमेइतक्याच दिवसांत, साधारण आठवड्यात, भरून येते. ताणून घातलेला टाका तिथलं रक्त तोडतो आणि उपाशी पडलेला भाग शेजारच्याला चिकटून रक्त मागतो. ते अस्तर वेगळं शिवायची गरज नसते. रक्तस्राव मात्र चोख थांबव आणि गुठळ्या धुऊन काढ.

ग्लोव्हजचं खोकं वाचत जा. पावसाळ्यात घामट हातांवर पावडरचे ग्लोव्हज झटकन चढतात, खरंय. पण तीच पावडर पोटात पडून चिकटण्याला निमित्त होते. अमेरिकेत जानेवारी २०१७ पासून त्यांवर बंदी आहे.

चिकटणं टाळायला आत ठेवायचे पातळ पडदे मिळतात, पण महाग. नातेवाईक दागिने गहाण ठेवून बिल भरत असतील तर आधी स्वतःचा हात हलका कर. आणि आतड्याच्या नव्या जोडावर तो पडदा गुंडाळू नकोस. जोड गळण्याचा धोका वाढतो.

डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नकोस. पेशंटच्या घरच्यांना बसवून सांग: पोटात कळा, उलट्या, पोट फुगणं, गॅस न सरणं, असं झालं तर एरंडेल देऊ नका, पोट चोळून घेऊ नका, तडक हॉस्पिटल गाठा आणि ऑपरेशन झालंय हे आधी सांगा. दहा वर्षांनीही.

आणि परवाच्या केसची नोट अजून अर्धीच आहे. आतडं कुठे चिकटलं होतं, काय सोडवलं, काय तसंच ठेवलं, सगळं वाचता येईल अशा अक्षरात लिही. ते पोट पुन्हा उघडायची वेळ आली, तर रात्री दोन वाजता दुसराच कोणी रेसिडेंट ते वाचत असेल.

तुझा,
सर